घोड्याची वाट

कुठेही पाऊल टाकण्याआधी काका खाली बघायचे. देवळाची पायरी असो, मॉलमधला सरकता जिना असो. "आधी रूळ बघावा. गाडी काय, येतेच मागून," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जन्म भुसावळला रुळांच्या देखभालीत गेलेला, आणि निवृत्तीनंतर मुलाने आणलं अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयला, जिथे सगळं गाव मोटारींवर जगतं. मी शेजारी, आणि मोटारींच्याच कंपनीत. "तुम्ही मोटारवाले," असं ते मला म्हणत, तेव्हा त्यात थोडी कीव असायची.

काकूंचे पाय हळूहळू जात चालले होते. घरामागे उतार आणि उताराच्या तळाशी त्यांचा मेथीचा वाफा. व्हीलचेअर गवतात रुतायची. काकू किचनच्या काचेतून वाफ्याकडे बघत बसायच्या आणि काका काकूंकडे.

एका उन्हाळ्यात काकांनी मागच्या अंगणात चक्क ट्रामरोड टाकायला घेतला. वाफेचं इंजिन येण्याआधी खाणीतला कोळसा असाच यायचा, असं त्यांनी मला समजावलं. दगडी ठोकळ्यांवर लोखंडी पट्ट्या, पट्टीला एका बाजूने उभी कड, त्यामुळे साधं चाकसुद्धा घसरत नाही. मध्ये आडवं लाकूड नाही, कारण तिथून डबे ओढणारा घोडा चालतो.

"काका, सरळ काँक्रीटचा रॅम्प करून टाकू ना. एका वीकेंडचं काम आहे."

"काँक्रीट तडकलं की गेलं. दगड हलला तर पुन्हा बसवता येतो."

"आणि घोडा?"

काकांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

पहिल्या फेरीला काकू "अहो, हळू" म्हणत उतरल्या आणि मांडीवर मेथीची जुडी घेऊन वर आल्या. मागे काका, घामाघूम. मला भरून आलं. मी फोनमध्ये बघत असल्याचं नाटक केलं.

आता तुम्ही म्हणाल, काय हुशार माणूस. पण भुसावळच्या उन्हात मुरलेल्या या माणसाच्या ध्यानातच आलं नव्हतं की मिशिगनच्या थंडीत जमीन गोठून फुगते. एप्रिलमध्ये बघतो तर दगड वाकडेतिकडे. "काका, तुमचा ट्रॅक नाचतोय," मी म्हटलं. ते हसले नाहीत. पण त्यानंतर दर वर्षी बर्फ वितळला की ते गुडघे टेकून एकेक दगड सारखा करायचे, आणि काकू आतून चहा झाला म्हणून काच वाजवायच्या.

मग मुलाने बॅटरीवर चालणारी खुर्ची आणली. "बाबा, तुमच्या हार्टचा तरी विचार करा. आता पुश करणं बंद." ती जड खुर्ची निम्म्या उतारावर दगड फाकवून अडकून बसली. मुलगा वैतागला. काका मात्र खूश.

"अगदी असंच झालं होतं. पहिली इंजिनं आली तेव्हा त्यांच्या वजनाने बिडाचे रूळ मोडायचे. लोक इंजिनाला हसले. इंजिनाचं काही चुकलं नव्हतं. रस्ता घोड्याचा होता."

मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "घोडा म्हातारा झाला रे. मी नसेन तेव्हा तिला एकटीला जाता आलं पाहिजे. आता स्लीपर टाकायला हवेत."

म्हणजे दोन्ही रूळ आडव्या लाकडांनी बांधायचे. मधली वाट त्यांच्याखाली जाणार होती. त्यांनी दारापासून सुरुवात केली. बर्फ पडायला लागला तेव्हा निम्मं काम झालं होतं, आणि त्याच थंडीत काका गेले.

वसंतात मुलाने आणि मी उरलेलं काम हाती घेतलं. दोघे इंजिनियर, पण रूळ काही सरळ येईना. दारात बसून काकू सांगत होत्या, "आधी खाली बघा."

शेवटी वाफ्याजवळचा सपाट तुकडा तेवढा राहिला. तिथे दोन रुळांच्या मध्ये गवतच नव्हतं. काकांच्या बुटांनी ते कधीच घासून गेलं होतं.

"एवढं राहू द्या," काकू म्हणाल्या.

"आई, अगं तिथे चेअर अडकेल. मग एकटीला कसं जमेल?"

"तिथपर्यंत इंजिन येईल. पुढे घोडा लागेल."

दुसऱ्या दिवशी त्या एकट्या उतार उतरून आल्या. शेवटच्या स्लीपरवर थांबल्या, बटण बंद केलं आणि मागे वळून न बघता वाट पाहत बसल्या. मी मागून येऊन खुर्चीची मूठ धरली. आधी खाली बघितलं आणि मग त्या वाटेवर पाय ठेवला.