कमी फिरलेली लाल गाडी

परळीत माझं मीटर दुरुस्तीचं दुकान आहे. विजेचं मीटर नव्हे, गाडीचं, किती किलोमीटर पळाली ते दाखवणारं. खरं सांगायचं तर दुरुस्ती थोडी आणि मीटर मागं फिरवायचं काम जास्त, असंच तीस वर्षं चाललं. जुनी जीप विकायला काढायची म्हटलं की मालक आधी माझ्याकडं यायचा. दोन लाख पळालेली जीप माझ्या टेबलावरून उठली की सत्तर हजारांची व्हायची. पूर्वी आकड्यांची चाकं बारीक सुईनं मागं ढकलायचो, पुढं लॅपटॉप आला, वायर जोडली की झालं. लाज वाटत नव्हती का? नव्हती वाटत. मी नाही केलं तर पलीकडचा करील, असं म्हणायचो आणि चहा सांगायचो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं ते याच्यामुळंच झालं.

आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. बायकोचं माहेर नेकनूरकडं, दिवाळीनंतर तिला आणायला गेलतो. एसटीनं परत येताना केजच्या अलीकडं चाक बसलं. सगळी माणसं खाली उतरली, कोण झाडाखाली, कोण टपरीवर. त्या टपरीसमोर एक लाल गाडी उभी होती. बुटकी, लांब नाकाची, वरून उघडी. आत दोनच सीटा आणि त्या दोन सीटांवर एक जोडपं आरामात चहा पीत बसलेलं. पुण्या-मुंबईकडचं असणार. बायको किती तरी वेळ बघत राहिली आणि मग मला हळूच म्हणाली, "मागं कुठं बसत्यात वो हिच्यात?"

"मागं काहीच न्हाई. दोघांचीच असती ती."

"म्हंजी सासू, दीर, जावा, गव्हाचं पोतं, कुणीच न्हाई?"

"कुणीच न्हाई."

तोंडाला पदर लावून ती हसली. म्हणाली, "बरं हाय की मग."

आमच्या घरात तेव्हा दोन खोल्या आणि अकरा माणसं. बायकोशी दोन शब्द बोलायचे तर ती दळणाला निघाली की मी सायकल काढायचो आणि गिरणीपर्यंत तिच्याबरोबर चालायचो. तेवढंच आमचं. वाटेत कुणी ओळखीचं भेटलं की तेवढंही गेलं. त्यामुळं ते "बरं हाय की" माझ्या काळजात जाऊन बसलं. मनाशी ठरवलं, हिला एक दिवस अशी गाडी घेणारच. दोन सीटांची. लाल. कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर भावांनी गावभर केलं असतं.

पुढं आमच्याही घरात गाड्या आल्या, एक सोडून तीन. पण प्रत्येक गाडीत बायको मागंच. पुढं आई, नाहीतर भाऊ, नाहीतर कुणी पाहुणा. हिच्या मांडीवर लेकरू, पायाशी पिशव्या. आरशात मला तिचा अर्धा चेहरा दिसायचा, कपाळ आणि एक डोळा. कधी तो डोळा आरशात माझ्याकडं बघायचा, कधी झोपलेला असायचा. असा अर्धा चेहरा बघत बघत मी तुळजापूर केलं, लग्नं केली, पोरांच्या ॲडमिशना केल्या. आणि बाजूनं एखादी ठेंगणी गाडी झुम्म करून गेली की आरशातला तो डोळा तिच्या मागं जायचा. मी बघायचो. लई वाईट वाटायचं हो. एवढी साधी गोष्ट आणि ती होईना.

आता आई नाही, भाऊ वेगळे झाले, पोरं आपापल्या नोकरीला लागली. घरात आम्ही दोघंच. पैशाची सोय होती, त्याचं काही रडगाणं नाही. अशात मागच्या उन्हाळ्यात एक गिऱ्हाईक बोलता बोलता म्हणालं, उमापूरच्या बाजूला एका बागायतदाराकडं दोन सीटांची लाल गाडी आहे, विकायची म्हणतोय, आणि पळालीय फक्त दोन हजार किलोमीटर. मी मोठ्यानं हसलो. दोन हजार! असले आकडे तर मीच तयार करतो. पण मालकांचा नंबर तेवढा लिहून घेतला.

शेवटी घरी सांगितलं. तीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट सांगितली. मला वाटलं होतं तेवढं आश्चर्य बायकोला काही वाटलं नाही. म्हणाली, "केजच्या टपरीवरची ना? मला वाटलं तुमी इसरलाव."

रविवारी सकाळी निघालो. तिनं दशम्या बांधल्या, शेंगांची चटणी घेतली, लग्नात नेसायची साडी नेसली. आणि आमच्या जुन्या व्हॅनचं मागचं दार उघडून आत बसायला लागली. मी म्हणालो, "अगं, पुढं ये की. आता कोण हाय?" तर स्वतःशीच हसली आणि पुढं आली. तेलगाव, वडवणी, बीड, गेवराई. ऊन रणरणत होतं, पण मला ती वाट कधी एवढी चांगली वाटली नव्हती. ती म्हणाली, गाडी घेतली की आधी केजच्या त्याच टपरीवर जायचं, चहा गाडीतच मागवायचा. मी म्हणालो, टपरी राहिली असंल का? तर म्हणाली, नसली तर थर्मास नेऊ.

गाडीचे मालक साठी ओलांडलेले, पांढरी विजार-सदरा, बोलायला मऊ. कापूस ठेवायच्या शेडमध्ये त्यांनी आम्हाला नेलं. एकावर एक तीन गोधड्या काढल्या आणि खाली ती. अरारा! लाल, बुटकी, लांब नाकाची. मागं वळून बायकोकडं बघितलं तर तिनं पुन्हा तोंडाला पदर लावलेला.

मीटर बघितलं. दोन हजार एकशे चौदा. गाडीचे कागद मात्र चौदा वर्षांपूर्वीचे.

"चौदा वर्षांत एवढीच?" मी विचारलं.

मालकांनी सगळं सांगितलं. मोठ्या रस्त्यात जमीन गेली, हातात पैसा आला, पोराच्या डोक्यात गाडी भरली. मुंबईत कुणाची तरी सोळाशे किलोमीटर पळालेली होती, ती चालवत आणली आणि मग लक्षात आलं की घरापासून मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत सात स्पीडब्रेकर, एकेक शेताच्या बांधाएवढा. गाडीचं पोट घासतं. मग ती उभीच राहिली. फक्त दसऱ्याला सीमोल्लंघनाला बाहेर काढायची. "गावातली पोरं फळ्या घेऊन म्होरं पळायची," मालक म्हणाले. "ब्रेकरवर फळ्या टाकायच्या, गाडी गेली की उचलून दुसऱ्यावर. असं करत शिवंवर जायचं, आपट्याची पानं घ्यायची अन् माघारी. वर्षाला तेवढंच. आता माझं पोरगं पुण्याला, फळ्या टाकणारी पोरंबी पुण्याला. कुणासाठी ठिवू?"

ऐकायला छान वाटलं. लई छान वाटलं, म्हणूनच मला शंका आली. गाडी विकणारे माझ्यासमोर बसून कसल्या कसल्या कहाण्या रचतात ते मी रोज ऐकतो. मी खिशातून टॉर्च काढला. ब्रेकच्या पॅडलचं रबर बघितलं, झिजून गुळगुळीत. स्टिअरिंगचं कातडं हात लागून लागून चकाकत होतं. ड्रायव्हरची सीट दबलेली. चारी टायर नवे. दोन हजाराला टायर बदलतंय का कुणी? आमच्या धंद्यात मीटर बघतच नाहीत, पॅडल बघतात. या पॅडलनं किमान लाखभर तरी खाल्लेत, मी मनात म्हणालो आणि माझं टाळकं सरकलं.

मालक पाणी आणायला घरात गेले. तेवढ्यात बायकोनं अलगद दार उघडलं आणि पलीकडच्या सीटवर बसली. एवढी खालची सीट, पाय लांब करावे लागले, साडी सावरताना बांगड्या वाजल्या. ती आत बसल्या बसल्या समोरच्या काचेतून शेडच्या भिंतीकडं बघत होती, जसं काही पुढं रस्ताच आहे. मग बाजूची सीट तिनं हातानं झटकली आणि म्हणाली, "बसा की."

"थांब गं. खालून बघू दे," म्हणून मी जमिनीवर आडवा झालो.

"बसा तर आधी. मग बघा."

"तुला काय कळतंय यातलं?" मी खालून ओरडलो.

मालक तांब्या घेऊन आले तेव्हा मी कपडे झटकत उठलो होतो. मी सरळ विचारलं, "पॅडल एवढं कावून झिजलं मालक?"

"बसून बसून," ते म्हणाले. "गावातलं कोण बसलं न्हाई हिच्यात? दाबतंय, फिरवतंय."

"अन् टायर?"

"उभ्या उभ्या तडकले. दोनदा बदलले."

मला हसू आलं, आणि ते चांगलं हसू नव्हतं. म्हणालो, "मालक, मला शिकवता का? तीस वर्षं झाली, हेच मीटर फिरवत आलोय मी."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. आवाज चढवला नाही. म्हणाले, "मंग बरोबर हाय. तुमाला दुसरं काय दिसणार?" आणि एक गोधडी उचलली. "गाडी इकायची हाय मला. पण खोटा ठरून न्हाई इकायची."

बायको गाडीतून उतरली. उतरताना डॅशबोर्डवरून तिनं एकदा हात फिरवला. मालक तिला म्हणाले, "ताई, लांबून आलाव, चहा घिऊन जावा." ती गेली, चहा प्याली, त्यांच्या बायकोशी बोलत बसली. मी व्हॅनमध्ये बसून हॉर्न वाजवत होतो. नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या ना.

परतीच्या वाटेत मी एकटाच बोलत होतो. कसं पकडलं बघ, म्हणालो. एखादा असता तर फसला असता, म्हणालो. "असंल," ती म्हणाली. दशम्यांची पुरचुंडी तशीच घरी आली.

दसऱ्याला आठ-दहा दिवस असतील. दुकानात एक जीपवाला आला. मीटर मागं घ्यायचं होतं. वायर जोडता जोडता गाव विचारलं तर त्याच मालकांच्या गावचा निघाला. मी सहज म्हणावं तसं म्हणालो, "तुमच्याकडं एक लाल गाडी हाय म्हणं."

"व्हती," तो म्हणाला, आणि मोबाईल काढून एक फोटो दाखवला. हा स्वतः नवरदेव, डोक्याला मुंडावळ्या, आणि बसलाय त्या लाल गाडीत, हात स्टिअरिंगवर. मागं तीच शेड, कापसाची. "आमच्या गावात नवरदेवाचा फोटू हिच्यातच. शाळा सुटली की पोरं लाईन लावायची, मालक एकेकाला बसू द्यायचे. पॅडल दाबून दाबून पार गुळगुळीत केलं बघा आमी."

"चालवली न्हाई?"

"कुठं चालवता? दसऱ्याला फळ्या टाकून शिवंपस्तोर. मीबी टाकल्यात की फळ्या."

तीस वर्षांत माझ्यासमोर एकच खरं मीटर आलं होतं आणि त्यालाच मी खोटं म्हणालो. च्यायला, काय म्हणावं असल्या शहाणपणाला? त्याच्या जीपचं मीटर मात्र मी फिरवून दिलं. हाताला सवय.

तो गेल्यावर मालकांना फोन लावला. ओळख सांगितली, चुकलो म्हणालो. ते रागावले नव्हते. "जाऊ द्या वो," म्हणाले. "गाडी गेली मागल्या आठवड्यात. पुण्याचं कुणी व्हतं, ट्रकात घालून नेली." मग म्हणाले, "यंदा चालतच जाईन शिवंवर."

संध्याकाळी घरी गेलो. बायको लसूण सोलत बसली होती. तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. मुंडावळ्या, पॅडल, शाळेची पोरं, ट्रक. "मीटर खरं व्हतं," मी म्हणालो.

"आन् खोटं असतं तर?" तिनं मान वर न करता विचारलं.

"म्हंजी?"

"आपल्याला कुठं ती परत इकायची व्हती? लाख पळालेली असती तरी काय झालं असतं? केजपस्तोर तर गेली असती."

तीस वर्षं मी विकणाऱ्याच्या डोळ्यानंच गाड्या बघितल्या, त्या दिवशीही तेच केलं. ती लसूण सोलत राहिली. मग म्हणाली, "घेतली नसती तरी चाललं असतं. मी तवा म्हणलं, बसा म्हणून. मालक घरात गेलते. दोघंच व्हतो आपण."

त्या गाडीत सगळं गाव बसलं. शाळेतली पोरं बसली, नवरदेव बसले, माझी बायको बसली. माझ्यासाठी सीट झटकून ती वाट बघत होती, आणि मी टॉर्च घेऊन गाडीखाली पडलो होतो.