खिरीतली अंगठी

आज खिरीवर जायफळ किसलं आणि त्या वासासरशी लेकीचं उष्टावण डोळ्यांसमोर आलं, आमच्या कोल्हापूरच्या घरातलं.

पहिला घास मामाचा, म्हणून माझा दादा हातकणंगल्याहून आला होता. म्हशींच्या धारा काढून राठ झालेल्या चिमटीत त्यानं सोन्याची अंगठी धरली, खिरीत बुडवली आणि माझ्या मांडीवरच्या लेकीच्या तोंडात हळूच फिरवली. टक् असा आवाज आला. एरवी गल्लीभर ऐकू जाईल असं बोलणारा दादा एकदम कुजबुजला, "अगं सुमे, दात हाय की हिला!"

"काहीतरीच! मला कळलं नसतं व्हय?" म्हणत मी बोट घातलं. हिरडीतून तांदळाच्या कणीएवढी दाताची धार वर आली होती.

तिला रोज न्हाऊमाखू घालणारी मी; तिच्या अंगावरचा तीळ न् तीळ मला पाठ. आणि माझ्याच मांडीवर पडून तिनं हा कारभार परस्पर उरकला होता! खीर ओघळून पदरावर आली तरी मी तिच्याकडे बघतच राहिले.

आता ती पुण्याला असते. काल फोनवर म्हणाली, "आई, मी पोहायला शिकले." कधी, कुणाकडं, मला पत्ताच नव्हता. कानात फक्त ते टक् वाजलं.