सुईण आजीचं लुगडं

आमच्यात माणसाला पुरतात. त्यामुळे वसमतच्या बाजूच्या आमच्या गावाला मसणवटाही गल्लीसारखाच पाठ आहे: कोण कुठे, कुणाच्या शेजारी. म्हणजे पुरुषांना पाठ. बायका आत पाऊलही टाकत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी आमच्या निवृत्त गुरुजींनी टूम काढली. एका रविवारी लोकांना मसणवट्यातून फिरवायचं आणि जुन्या नामांकित माणसांच्या समाधीशी त्यांचा वेश घेतलेला कुणीतरी उभा करायचा. तो 'मी अमुक' म्हणून आपली हकीकत सांगणार. निजामाच्या वेळचा पाटील, शाळेला जागा देणारा शेतकरी आणि गावची विहीर खणणारा पैलवान असे तिघे ठरले. मी भांडभांड भांडले तेव्हा चौथी माझी आजी आली. आजी सुईण होती. अर्धं गाव तिच्या हातात जन्मलं, आणि तिला ना चौथरा ना दगड, नुसता मातीचा उंचवटा.

गुरुजी आजीचं लुगडं मागायला आले. मला वाटलं, मलाच उभं करणार.

"न्हाई पोरी. बाया मसनात येत न्हाईत. भजनातला तबलजी नेसल ते. बाईचं सोंग बराबर करतो त्यो."

म्हणजे आजीचं लुगडं चालतं, आजीची नात चालत नाही. डोकं तापलं होतं, पण त्यांनी मला शिकवलेलं. गपचूप लुगडं दिलं आणि दिवसभर स्वतःवरच चिडत राहिले.

रविवारी आम्ही बायका तारेच्या कुंपणाबाहेर उभ्या. पाटील पाव तास बोलला. पैलवानाने दंड दाखवले. मग आजीच्या उंचवट्याशी तबलजी आला, कपाळभर कुंकू लावून, हातभर हिरव्या बांगड्या घालून. आजी विशीतच विधवा झालेली. बाळंतपणाचं काय बोलावं ते त्याला कळेना. मिशीवर पदर धरून म्हणाला, "मी गावची सुईण. लई सेवा केली." लोक हसले. संपली आजी.

मी फाटक ढकलून आत गेले.

गुरुजी आडवे आले. "तू काहून आलीस? बाया मसनात येत न्हाईत म्हणलं ना."

मी उंचवट्याकडे बोट केलं. "मग ही इथं काहून हाय?"

तबलजीने पँटीवर नेसलेलं लुगडं फेडून माझ्या हातात दिलं. सुटलाच बिचारा. मी ते साडीवरूनच अंगभर गुंडाळलं आणि आजीच्या आवाजात सुरू केलं.

"बाळंतिणीच्या घरी गेले की माझं पहिलं काम एकच. गडी माणसं बाहेर. चला, फाटकाच्या पार. बायांनो, तुमी आत या."

आणि गेले की सगळे. तलवार सावरत पाटीलही गेला. गुरुजी तेवढे रेंगाळले.

"गुरुजी, तुमच्या येळंला तुमची आई दोन दिवस अडली व्हती. मी तिच्यापासून उठले न्हाई. तुमी बी चला."

तेही गेले. मग मी सगळं सांगितलं. आडवं लेकरू कसं फिरवायची, नाळ कशी कापायची, मेलेलं लेकरू आईच्या हातात कसं द्यायची. बायका मातीत मांडी घालून बसल्या होत्या. तारेबाहेर पुरुष उभे राहून ऐकत होते. ऊन कलेपर्यंत कुणी हललं नाही.

माझं सासरही गावातच. घरी सासूबाई दारातच बादली घेऊन उभ्या होत्या. "मसनातून आलीस. न्हाऊन घे, कपडे भिजव समदे."

न्हाले. साडी भिजवली. आजीचं लुगडं मात्र तिथल्या मातीसकट घडी घालून पेटीत ठेवलं.