नवाबाचं लग्न: जालना ते वाटूर, दोन बरण्यांसह

जोडून सुट्टी आली की लोक महाबळेश्वरला जातात. मी वाटूरला गेलो. तेही एकटा नाही, दोन मासे घेऊन. फोटो टाकल्यापासून "कसं जायचं, काय न्यायचं" असं विचारणारे तीन मेसेज आले आहेत. त्यातला एक मेहुण्याचा आहे आणि तो शुद्ध खवचटपणा आहे. तरीही सविस्तर लिहितो.

मी जुन्या जालन्यात खोली घेऊन राहतो आणि शाळेत गणित शिकवतो. बायको सुनीता घनसावंगीला शाळेत नोकरीला आहे, त्यामुळे संसार शनिवार-रविवारचा. उरलेले पाच दिवस खोलीत माझ्याशिवाय एकच जीव असतो, तो म्हणजे नवाब. नवाब हा निळा-जांभळा बेट्टा, ज्याला आपल्याकडे सगळे फायटर म्हणतात. वर्षभरापूर्वी दुकानातून आणला. संध्याकाळी मी कुलूप उघडलं की तो काचेजवळ येतो. दाण्यासाठी येतो हे मला कळतं, पण येतो. मला तो फार आवडतो.

तर अशा या नवाबाचा वंश वाढावा, असं माझ्या मनात आलं. इंटरनेटवरचे सात व्हिडिओ पाहिले की माणसाला कशातलंही सगळं कळतं, तसं मलाही कळलं. त्याच दुकानातून मादी आणली. दुकानदार म्हणाला, "एकदम बराबर जोडी है सर, आँख बंद करके लेके जाव." मी खरोखरच डोळे मिटून नेली. नाव ठेवलं बेगम. दोघांच्या टाक्या शेजारी ठेवल्या आणि मध्ये पुठ्ठ्याचा अंतरपाट धरला. पुठ्ठा जरा सरकवला की दोघं कल्ले फुगवून काचेवर धडकायचे. काय ते प्रेम! नवाबाने पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं बांधायला घेतलं आणि चार दिवसांनी बेगमही तेच करायला लागली. घरकामात निम्मा वाटा उचलणारं जोडपं म्हणून मी स्टाफरूममध्ये त्यांचं कौतुक केलं. तिथल्या तिथे अकरा जणांनी पिल्लं बुक केली. मुख्याध्यापकांनी दोन, केबिनसाठी.

रविवारी सकाळी दोघांना एका टाकीत सोडायचं ठरलं. त्या आठवड्यात सुनीता येणार नव्हती. फोनवर म्हणाली, "मानसाला प्यायला नळ येईना, अन् तुम्ही दोनशे पिल्लं काढून राह्यले." तिच्याकडे दुर्लक्ष करण्याचा मला बारा वर्षांचा अनुभव आहे. पण आमचे देशमुख सर म्हणाले, "आधी वाटूरच्या वाघमारे बाईंना दाखवा. लई मासे हायेत त्यांच्याकडं." तज्ज्ञाचा आशीर्वाद घ्यावा म्हणून शनिवारी निघालो.

आता कामाची माहिती. मंठ्याकडे जाणारी एसटी वाटूर फाट्यावर थांबते. सव्वा-दीड तास लागतो. रस्ता चांगला आहे, आणि जिथे नाही तिथे मांडीवरची बरणी लगेच कळवते. बरणी अर्धीच भरावी, वर हवा ठेवावी, आदल्या दिवशी माशांना खायला देऊ नये आणि मागच्या चाकावरची सीट टाळावी. दोन बरण्यांच्या मध्ये वर्तमानपत्र घालावं. मी घातलं होतं, मुहूर्ताआधी नजरानजर नको म्हणून.

कंडक्टरने तिकीट फाडता फाडता विचारलं, "बरनीत काय हाय?"

"मासे."

"दोनच? घरी मानसं किती?"

"खायचे नाहीत हो. लग्न जमवायला नेतोय."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "पानी सांडलं तं पुसून घ्या म्हंजे झालं," म्हणाला आणि पुढच्या सीटकडे गेला. बाहेर कापूस वेचणीला आला होता, मध्येच मोसंबीच्या बागा दिसत होत्या. मी त्यातलं फारसं पाहिलं नाही, नवाबाकडेच बघत होतो.

वाघमारे बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्या आहेत. फाट्यावरून त्यांच्या घरी चालत दहा मिनिटं लागतात. ओसरीत भिंतभर फळ्या, फळ्यांवर लोणच्याच्या, कॉफीच्या, च्यवनप्राशच्या बरण्या, आणि प्रत्येक बरणीत एकेक फायटर. किमान साठ असतील. मी मनात म्हटलं, आलो बुवा योग्य ठिकाणी, केवढा हा कारखाना!

"जयभीम सर, या. पानी घ्या. नवरदेव कोनता?"

"जयभीम बाई. हा निळा."

बाईंनी चष्मा चढवला आणि आधी बेगमची बरणी उजेडात धरली. "सर, ही बाई न्हाई. गडी हाय."

"पण शेपूट आखूड आहे."

"आखूड शेपटीच्या जातीचा गडी. मादीला पोटाखाली पांढरा ठिपका असतो. ह्याला हाय का? अन् बुडबुडे करत व्हता ना?"

"हो. घरटं बांधत होती. होता."

"मंग?" बाई म्हणाल्या. चाळीस वर्षं पोरांना शिकवलेल्या बाईंचं "मंग" काय असतं, ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

म्हणजे तीन आठवडे मी जे प्रेम म्हणून पाहत होतो, ती एकमेकांना फाडायची तळमळ होती. आणि रविवारी सकाळी, अंघोळ करून, प्रसन्न मनाने मी त्यांची सोय करून देणार होतो. नवाबाला मी स्वतःच्या हाताने मारलं असतं, तेही मोबाईलवर शूटिंग करत.

बाईंनी मग नवाबाला पाहिलं. "हा म्हातारा झाला सर. पाठ बघा, रंग बघा. दुकानात आल्ता तवाच मोठा असंल. किती दिवस तिथं पडून व्हता, कोनाला ठाव."

त्यांच्याकडे एक तरुण मादी होती, पोटाखाली ठिपका असलेली. "न्यायची तं न्या. पन नर अंड्यांवर पहारा देतो, तवा खात न्हाई. पिल्लं व्हतील तुम्हाला. ह्या वयात हा उठंल का, ते मी सांगत न्हाई." मग विचारलं, "पिल्लांचं काय करनार?"

मी अभिमानाने सांगितलं, "अकरा जणांनी बुक केलीत."

बाईंनी फळ्यांकडे बोट केलं. "हे बी बुकच व्हते."

त्यातला एकही मासा बाईंनी काढलेला नव्हता. जालना, परतूर, मंठा, सगळीकडची हौशी मंडळी दुकानातल्या जोड्या लावतात. अडीच-तीन महिन्यांत नर एकमेकांचे लचके तोडायला लागतात, मग प्रत्येकाला वेगळी बरणी आणि प्रत्येक बरणीचं पाणी बदलायचं. तोवर बुकिंगवाल्यांचे फोन लागत नाहीत. शेवटी कोणीतरी वाटूरच्या बाईंचं नाव सांगतं. खालच्या फळीवर पाठ वाकडी असलेले होते, ते वेगळे ठेवले होते. "कोनाची बहीन कोनाला लावली, दुकानवाल्याला तरी कुठं म्हाईत?" बाई म्हणाल्या. "तुमच्याकडं नळ कवा येतो सर?"

"आठवड्याने. आला तर."

"मंग तुम्हीच सांगा. गनिताचे ना तुम्ही?"

बाईंनी भाकरी, शेपूची भाजी आणि ठेचा वाढला. वाटूरला हॉटेल शोधू नका, असं घर शोधा. जेवलो, आभार मानले आणि एवढं सगळं ऐकून मी काय केलं असेल? मादी पिशवीत घातली आणि निघालो. पिल्लांचा मोह फार वाईट असतो.

फाट्यावर गाडीला उशीर होता. चहा आणि मिरची भजी घेतली, बाकावर बरण्या ठेवल्या, शेजारी पिशवी. वर्तमानपत्र घालायचं राहिलं. नवाबाने मादी पाहिली आणि सगळे पंख उघडले. मी त्याला इतका सुंदर कधीच पाहिला नव्हता. अर्धा मिनिट तसा राहिला, मग दमला आणि हळूहळू तळाला जाऊन बसला. कल्ले भराभर हलत होते. मला स्वतःची लाज वाटली. चहा तसाच ठेवून मी परत गावात गेलो.

बाई बरण्यांचं पाणी बदलत होत्या. पिशवीकडे बघून म्हणाल्या, "लई जल्दी आलात. बाकीचे तीन महिन्यांनी येतात."

रात्री घरी येऊन स्टाफच्या ग्रुपवर लिहिलं की पिल्लं होणार नाहीत, वाटूरला साठ तयार आहेत, ज्याला हवा त्याने बरणी घेऊन जावं. अकरा जणांनी मेसेज वाचला. एकानेही उत्तर दिलं नाही, फक्त मुख्याध्यापकांनी नमस्काराचा हात टाकला. सुनीताला फोनवर सगळं सांगितलं. पुढच्या शनिवारी येताना ती तिच्या शाळेच्या आवारातली जंगली बदामाची वाळलेली पानं घेऊन आली, नवाबाच्या पाण्यात टाकायला. म्हाताऱ्या फायटरला त्याने बरं वाटतं म्हणे.

ही सहल होऊन दोन महिने झाले. शेवटचे काही दिवस तो पानावर आडवा होऊन पडायचा, पण कुलूप वाजलं की तोंड काचेकडे करायचा. परवा मी शाळेतून आलो, तेव्हा केलं नाही. नवाब गेला. त्याच्या पश्चात मी, सुनीता आणि त्याचा खून करायला टपलेला एक शेजारी, नावाने बेगम, असा परिवार आहे.