ई-एवाले काकाजी

जगात इंग्रजी कुठे कुठे बोलतात ते मला ठाऊक नाही, पण चार-पाच अक्षरांच्या इंग्रजी शब्दांवर आमच्या घरमालकिणीच्या दिरांइतका जीव लावणारा माणूस खुद्द इंग्रजांतही झाला नसेल. माझं लग्न झालं तेव्हा यजमान एसटीत कंडक्टर होते, आणि चौऱ्याहत्तरच्या सुमारास आम्ही शेलूबाजारात या जैन घरमालकांच्या घरामागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायला आलो. पुढच्या बाजूला त्या जैन कुटुंबाचं कापडाचं दुकान होतं. गल्ल्यावर थोरले भाऊ बसत. धाकटे, म्हणजे हे काकाजी, पन्नाशी उलटलेले, बिनलग्नाचे, कापड मोजत. कापडाबरोबर शब्दही मोजत, मीटरला एक याप्रमाणे. 'लीफ' म्हणजे पान, 'बीड' म्हणजे मणी, 'सीट' म्हणजे बसायची जागा. परकराला अडीच मीटर कापड नेणारी बाई अडीच शब्द घेऊनच पायरी उतरायची. शब्द विसरू नये म्हणून ते खडूने कापडाच्या मागच्या बाजूला लिहूनही देत. एकदा पाटलांच्या सदऱ्याला पाठीवर आतून 'वीक' राहिलं, त्याचा अर्थ अशक्त, आणि पाटील तो सदरा घालून आखाड्यात पंच म्हणून बसले होते.

हे सगळे शब्द ई आणि ए या दोन अक्षरांच्या जोडीचे. हा नाद लागला एका तारेमुळे. काकाजी विशीत असताना अकोल्याच्या त्यांच्या मामाजींचा पाय मोडला होता. महिन्याभराने तार आली, पाय बरा झाला एवढंच सांगणारी. पण बरा होण्याला त्यात शब्द होता 'हील', ई-एवाला. घरात इंग्रजी वाचणारे एकटे काकाजी, आणि त्यांना त्याच्या जवळचा एकच शब्द माहीत होता, 'हेल', म्हणजे नरक. तार हातात धरून ते म्हणाले, "मामाजी गेले. आन् कुठं गेले, तेबी लेहलं हाये." रडारड झाली, चूल विझली, दहा-बारा माणसं मिळेल त्या गाडीने अकोल्याला पोचली, तर मामाजी ओसरीवर पोहे खात बसलेले. पुढे मामाजी मरेपर्यंत भाच्याशी नीट बोलले नाहीत. आपण गेलो हे त्यांनी माफ केलं होतं, कुठे गेलो ते नाही.

तेव्हापासून काकाजींनी या जोड्यांचा पिच्छा पुरवला. बनियनच्या रिकाम्या खोक्यांत चिठ्ठ्या असत. एका खोक्यात ई-ए, दुसऱ्यात दोन ओ, तिसऱ्यात ए-आय. ई-एबद्दल ते सांगत, "हे दोघं संगं आले का थोरला बोलते, धाकटा गुमान बसते. आमच्या घरावानी." गल्ल्यावरचे थोरले भाऊ यावर चष्म्याच्या वरून पाहत. मग 'ग्रेट' किंवा 'ब्रेक' यायचा, ज्यात धाकटाच बोलतो, आणि काकाजींचा चेहरा उजळायचा. "पाह्य, कधीमधी धाकट्याचंबी चालते." दोन ओंवर मात्र त्यांचा विश्वास नव्हता. 'मून'मध्ये एक बोलतात, 'ब्लड'मध्ये दुसरं, 'डोअर'मध्ये तिसरंच. "जुळे हायेत, पन भरवशाचे नाईत," असं ते हळू आवाजात सांगत.

मी माहेरी मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा नापास झालेली. शिक्षिका व्हायचं होतं, ते मनातच राहिलं. एकदा ब्लाउजचं कापड घ्यायला गेले, तर काकाजींनी विचारलं, "'रीड' म्हनजे?" मी म्हटलं, वाचणे. "मंग वाचून काहून नाई राह्यली तू?" मी खरं ते सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या मोकळ्या वेळी शिकवणी सुरू झाली. शेजारी घरमालकीणबाई तूर निवडत बसत. शिकवणीत त्यांचा धर्म सुटत नसे. 'बीट' हा शब्द आला की ते म्हणत, "दोन ई घाल नाईतं ई-ए घाल, हा आपल्याले चालत नाई. एक कंदमूळ, दुसरी हिंसा." 'मीट'ला तर चिठ्ठीच अर्धी होती. "दोन ईवाला, भेटणे. ई-एवाला माल आपुन ठेवत नाई." माल कोणता, हे मला घरमालकीणबाईंनी नंतर कानात सांगितलं.

मी मॅट्रिकला पुन्हा बसणार होते, परीक्षेचं केंद्र मंगरूळला. फॉर्म भरायच्या दिवसांत मानोऱ्याकडच्या खेड्यातून सासरे आले. दुकानाच्या ओट्यावर बसून त्यांनी निर्णय दिला. "पेपर देऊ दे, मले काय. पन सून आठ दिवस एकटी मंगरूळले जाईन-येईन, हे आपल्यात चालत नाई." यजमानांना रजा मिळत नव्हती. मी वह्या बांधून ठेवल्या. दोन दिवसांनी काकाजी मागच्या दारी आले आणि म्हणाले, "बाई, मीबी फॉर्म भरून राह्यलो. एवढे शब्द घरात पडून हायेत, एकदा परीक्षेले लावून पाहू." गावात हसं झालं. थोरले भाऊ चार दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. सासऱ्यांनी मात्र निरोप धाडला, काकाजी संगं असतीन तं जाऊ दे.

आठ दिवस आम्ही सकाळच्या एसटीने मंगरूळला गेलो. पांढरं धोतर, टोपी, खिशात दोन पेनं, असे काकाजी मिसरूड फुटलेल्या पोरांत बसायचे. गणिताच्या पेपरातून ते अर्ध्या तासात उठले आणि फाटकापाशी माझा डबा सांभाळत बसून राहिले. बाकीच्या पेपरांनाही तेच. इंग्रजीला मात्र शेवटच्या घंटेपर्यंत लिहीत होते. त्यात अर्थ विचारलेल्या जोड्यांत नेमके दोन्ही 'मीट' आले होते. मला हसू आवरेना, पण उत्तर आलं. परतताना मी विचारलं, "काकाजी, तुम्ही काय लिहिलं?" ते शांतपणे म्हणाले, "दोन ईवाल्याचा अर्थ लेहला. दुसऱ्याची जागा कोरी सोडली."

मी काठावर पास झाले. काकाजी इंग्रजी सोडून सगळ्यांत नापास झाले आणि त्यांनी दुकानात पेढे वाटले. पुन्हा बसा म्हटलं तर म्हणाले, "मले कुठं मास्तर व्हायचं हाये?" पुढे वाशीमला माझं शिक्षिकेचं प्रशिक्षण झालं, मानोऱ्याजवळच्या तांड्यावर शाळा मिळाली, बिऱ्हाड हललं. तीन वर्षं, येते येते म्हणत, मी शेलूबाजारला गेले नाही. गेले ती काकाजी वारल्याचं कळल्यावर.

घरमालकीणबाईंनी माझा हात धरून मला शेजारी बसवलं. मग म्हणाल्या, "त्यायले कायची मॅट्रिक, बाई. तुहे सासरे येऊन गेले ना, त्या दिशी दिवस बुडायच्या आधी जेवाले बसले, तं म्हने, वयनी, तिच्या संगं जाले कोनी पाह्यजे. मी फॉर्मच भरतो, मंग कोनी काही म्हननार नाई. तुले सांगू नोको म्हने. तिले वाटू दे, बुढ्याले येड लागलं."

मला तसंच वाटलं होतं. गावाबरोबर मीही हसले होते. एसटीत खिडकीची जागा मला देऊन, आठ दिवस शेजारी बसून, ते हसणं त्यांनी आनंदाने ऐकून घेतलं. आभार मानायला मी तीन वर्षं उशिरा पोचले.