अंगणात उभी मोटारसायकल

माझी लेक शिवकन्या मोटारसायकल काढते तेव्हा मुडबीतली निम्मी माणसं अजून चूळ भरत असतात. बसवकल्याणच्या एका लॅबमध्ये ती रुग्णांचं रक्त काढते. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं उजाडताच बाकावर येऊन बसतात, आणि आमच्या गावची पहिली बस पोचेपर्यंत त्यांचा धीर सुटलेला असतो. म्हणून थोरला मुलगा हैदराबादला नोकरीला गेला तेव्हा त्याची गाडी तिनं कुणाला विचारून घेतली नाही, सरळ चालवायलाच लागली. गाडी गेली तर तिची नोकरीही जाईल, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

आमचं दार अरुंद आणि पायऱ्या उंच, त्यामुळं गाडी अंगणातच राहते. यंदा उन्हाळ्यातल्या पहिल्याच वादळात ती आडवी झाली आणि आरसा फुटला. आमच्या ह्यांनी तिच्यावर ताडपत्री घालून, कडब्याची गंजी झाकतात तशी चारी बाजूंनी सुतळीनं आवळली होती. उघडी असती तर उडूनच गेली असती, असं ह्यांचं म्हणणं. शिवकन्येचं उलटंच.

"अप्पा, गंजी बसकी असती. गाडी एका स्टँडवर उभी ऱ्हाती. ताडपत्रीत वारा शिरला, त्यानंच पाडली. आता मी झाकणार न्हाई."

"मग पुन्हा पडली की राजपालला देऊन टाकायची. ठरलं," हे म्हणाले.

राजपाल माझा धाकटा भाऊ, जनवाड्याचा. त्या गाडीवर त्याचा पहिल्यापासून डोळा.

बुद्धपौर्णिमेला तो आला. खीर खाऊन आम्ही बसलो होतो तोच पश्चिमेचं आभाळ मातकट झालं. शिवकन्या उठली. स्टँडखाली सपाट फरशी सरकवली, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि तिचं तोंड दक्षिणेला केलं.

शेजारची गंगम्मा भिंतीवरून ओरडली, "अगं, दक्षिणेला तोंड करून कामून लावायलीस? असं कुणी करतंय का? लिंबाखाली लाव की!"

"लिंबाची फांदी पडली तर गाडीची भाकर हुईल, अक्का. अन् वारा काय पंचांग बघून येत न्हाई. पश्चिमेनं आला की कललेल्या गाडीला स्टँडवरच दाबतो, पाडत न्हाई."

"लई शानी झालीस," राजपाल हसला. "दाजी, चावी काढून ठिवा."

वारा आला. गंगम्माच्या गोठ्याचा पत्रा उडून रस्त्यावर पडला. गाडी थरथरली, पण फरशीवर पाय रोवून उभी राहिली. मी खिडकीचे गज घट्ट धरले होते. शिवकन्या मात्र उंबऱ्यावर हाताची घडी घालून उभी. मग वारा एकाएकी फिरला, पूर्वेकडून घुसला, आणि गाडी सरळ होऊन पलीकडं कोसळली.

"पडली!" राजपालला आनंद लपवता आला नाही. आपलीच झाली अशा थाटात तो अंगणात गेला. हँडल धरून त्यानं हिसका मारला. गाडी गुडघ्याएवढी वर आली आणि पुन्हा बसली. "दाजी, हात लावा. लई जड हाय."

"मामा, सरका."

तिनं गाडीकडं पाठ केली, बैठकीला कंबर टेकवली, एक हात हँडलला, एक मागच्या दांड्याला, आणि मागं मागं पावलं टाकत गाडी उभी केली. मग त्याच धुळीत तोंड फिरवून, पूर्वेचा वारा स्टँडवर दाबेल अशी, उत्तरेला लावली. हँडलवरचा ब्रेकचा दांडा वाकला होता.

हे दारात आले. "ठरलं होतं, शिवकन्या."

"तुमी ठरवलं होतं, अप्पा. मी झाकणार न्हाई, एवढंच म्हणले होते."

"अन् पुन्हा पडली तर?" राजपालनं विचारलं.

"तर तुमाला बोलवीन, मामा. उचलायला शिकवीन."

गंगम्मा भिंतीपलीकडं फिस्सकन हसली. राजपालचे कान लाल झाले. ह्यांनी खुंटीवरच्या चावीकडं हात नेला. मी जवळ होते. मीच आधी काढली.

"अक्का, दे की इकडं," राजपाल मला म्हणाला.

मला वाऱ्याची भीती वाटते, रस्त्यावरच्या ट्रकांची त्याहून जास्त. तिची गाडी वळणापलीकडं गेली तरी मी दारातून हलत नाही. हे राजपालला ठाऊक आहे, म्हणूनच त्यानं हात पुढं केला असावा.

"न्हाई," मी म्हणाले. "तू दुसरी गाडी बघ, राजपाल."

"उद्या हातपाय मोडून आली तर?" ह्यांनी मला विचारलं.

"आली तर बघू. भीतीपायी तिला घरात बसवणार न्हाई मी."

हे पायात चप्पल सरकवून शेताकडं निघून गेले. राजपाल चहा न घेताच परतला. शिवकन्येनं माझ्याकडून चावी घेतली, गंगम्माकडून लोखंडी नळीचा तुकडा मागून आणला, आणि अंगणात उकिडवी बसून वाकलेला ब्रेक सरळ करायला लागली. दुसऱ्या दिवशी बाकावर उपाशी माणसं येऊन बसायची होती.