गवा आणि आषाढ आमरी

जयनगरात वाढलेल्या नरसिंहरावांना गव्याचं वेड होतं. सरकारी कारखान्यात इंजिनिअर, पण रविवार उजाडला की गळ्यात दुर्बीण. कारखान्यातल्या लोकांचं त्यांनी निसर्गमंडळ जमवलं होतं. शेजारच्या श्यामलाअक्काही त्यात होत्या. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, गुडघ्यांनी अधू, बोलायला मऊ.

चौऱ्याण्णवच्या आषाढात बंडीपूरकडच्या गावांत बुळकांडी आल्याची बातमी आली. गावच्या गुरांचा रोग जंगलात शिरला तर गव्यांचे कळपच्या कळप आडवे होतात. येत्या रविवारी लस टोचताना गुरं धरायला माणसं हवी होती. नेमकी त्याच रविवारी अक्कांनाही चार माणसं हवी होती. शहराच्या कडेला, एचएसआर लेआउट या वसाहतीपलीकडे एका कातळावर आषाढ आमरी, एक रानटी ऑर्किड, फुलली होती. जमिनीला चिकटलेलं एक पान, वर पांढरं फूल. सोमवारी तिथे रस्त्यासाठी सुरुंग लागणार होते.

"कंद काढून दुसरीकडे लावू. स्वल्प वेळ लागेल, अण्णा," अक्का बैठकीत म्हणाल्या.

नरसिंहराव हसले. "अक्का, एकीकडे अंगापिंडानं एवढा थोरला गवा, एकीकडे बोटभर फूल. तराजूत घालून बघायचं का?"

सगळेच हसले. अक्कांनी पदर सारखा केला. जीपमध्ये दाटी होती, चार माणसं सहज मागे ठेवता आली असती. नरसिंहरावांना ते तेव्हाही कळत होतं.

लसीकरण छान झालं. परतताना पांढरे मोजे घातल्यासारख्या पायांचा कळपही दिसला, वासरांसकट. सोमवारी कामावरून सुटल्यावर ते सहज कातळाकडे वळले. तिथे नुसती खडी होती.

"काल एक अज्जी आली होती," राखणदार कन्नडात म्हणाला. "एकटीच. पावसात बसून खुरप्यानं उकरत होती. मीच हात धरून उठवलं."

नरसिंहराव तसेच अक्कांकडे गेले. अक्कांच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. कुंडीत थोडे कंद होते, बहुतेक खुरप्यानं चिरलेले.

"गवे बरे आहेत ना?" अक्कांनीच विचारलं.

"हो. अक्का, माझं चुकलं."

"गव्यांकडे गेलात ते सरीच, बरोबरच होतं. हसायला नको होतं."

कुंडीतले कंद कुजले. पुढच्या आषाढापासून नरसिंहराव अक्कांना स्कूटरवर बसवून माळ पालथे घालू लागले. कनकपुऱ्याच्या वाटेवर एकदा आमरी सापडली, चांगला ताटवा. अक्का लहान मुलीसारख्या खाली बसल्या, फुलांवरून हात फिरवत राहिल्या. "या ना, बघा तरी," त्या म्हणाल्या.

नरसिंहराव जवळ गेले, पण त्यांची नजर फुलांवर ठरेना. अक्कांच्या बोटांवरचे पांढुरके वणच त्यांना दिसत राहिले.